बेंटली टी टू विकायला दिसलीये? फोन करायच्या आधी एवढं वाचा

महिन्यातून एकदा तरी इंग्लंडातला कोणीतरी ओळखीचा मला रात्री अकराला एक जाहिरात फॉरवर्ड करतो. फोटोत १९७८-७९ ची बेंटली, गडद निळी नाहीतर तपकिरी, आत क्रीम रंगाचं लेदर, मागे कुणाच्यातरी बंगल्याची विटांची भिंत, आणि खाली "अतिशय दुर्मिळ, अशा मोजक्याच बनल्या". किंमत मात्र नव्या साध्या हॅचबॅकएवढी. आणि मेसेज ठरलेला, "दादा, घेऊ का?"

मी कोल्हापूरचा, लहानपणी दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघायला बाबांच्या खांद्यावर बसून गेलेला, त्यामुळे हा किडा मला कळतो. इंग्लंडातल्या मिडलंड्समध्ये राहायला आल्यावर मी स्वतः सहा गाड्या बघितल्या आणि सातवी घेतली. त्यातून जे शिकलो ते एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे रात्री अकराला फोन वाजायचा नाही.

आधी गाडी काय आहे ते समजून घ्या

ऑक्टोबर १९६५ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो आणि बेंटलीची टी अशा दोन गाड्या एकत्र आल्या. एकत्र म्हणजे खरंच एकच गाडी, इंग्लंडातल्या क्रू गावच्या एकाच कारखान्यात बनलेली, पुढची जाळी आणि बोनेटचा आकार थोडा वेगळा, बिल्ले वेगळे, संपलं. १९७७ मध्ये दोघींची सुधारलेली आवृत्ती आली, ती शॅडो टू आणि टी टू, आणि १९८० ला ती बंद झाली. शॅडो टू बनल्या ८,००० च्या वर, टी टू साधारण ५६०. म्हणून जाहिरातीत दुर्मिळ लिहितात, आणि ते खोटं नाही.

पण दुर्मिळ आहे ती जाळी. तिच्या मागे जे काही आहे, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, काचा, स्विचेस, ते सगळं शॅडोचंच आहे, आणि शॅडो इतक्या बनल्या की पार्ट बनवणारे, दुरुस्त करून देणारे, जुन्या गाड्या तोडून सामान विकणारे असे सगळे आजही इंग्लंडात धंदा करून आहेत. खरोखर दुर्मिळ गाडी, म्हणजे पन्नासच्या दशकातली आर टाइप कॉन्टिनेंटल वगैरे, जी २०८ च बनली, ती आपल्यासारख्याने घ्यायचीच नसते, तिच्या एका दिव्याच्या काचेत आपला हप्ता जाईल. टी टू मध्ये नाव दुर्मिळ आणि पोट सर्वसाधारण, नवख्यासाठी यापेक्षा चांगला सौदा मला माहीत नाही. फक्त किंमत ठरवताना त्याच अवस्थेतली शॅडो टू कितीला जाते ते आधी बघायचं आणि जाळीपायी वरचे किती द्यायचे ते स्वतःशी ठरवायचं, विकणाऱ्याला ठरवू द्यायचं नाही.

आधीची टी आणि टी टू यात चालवायला टी टू चांगली, कारण तिला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग मिळालं, जुनीचं स्टिअरिंग म्हणजे होडीचं सुकाणू. इंजिन ६.७५ लिटरचं व्ही एट, गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा तीन स्पीडचा ऑटोमॅटिक, वजन दोन टनांच्या वर. पॉवर किती, हे कंपनी त्या काळी सांगायचीच नाही, विचारलं तर "पुरेशी" एवढंच उत्तर.

जाहिरात बघितल्यावर, घरबसल्या

सगळ्यात आधी टेप घ्या आणि गॅरेज मोजा. मी गंमत करत नाहीये. ही गाडी ५ मीटरपेक्षा लांब आहे, आणि इथली जुन्या घरांची गॅरेजं बांधली गेली ती छोट्या गाड्यांच्या मापाने, गाडी आत गेली तरी दार उघडून तुम्ही बाहेर येणार कुठून? बाहेर उघड्यावर ठेवणार असाल तर इंग्लंडच्या पावसात चार हिवाळ्यांत पत्र्याची काय गत होते ते पुढे येतंच आहे.

पेट्रोल लिटरला चार-साडेचार किलोमीटर, खाली उतरवणारा रस्ता असेल तर पाच. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई टेन, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं झालं, ते जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही, त्यामुळे महागडं सुपर भरायचं. वापर वर्षाला हजार-दोन हजार मैलांचाच असतो म्हणून पेट्रोलने कोणी बुडत नाही, बुडतात ते ब्रेकने. गाडीच्या किमतीइतकं नाही तरी तिच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे काढा, आणि ते नसतील तर आत्ता घेऊच नका, पुढच्या वर्षी घ्या, गाडी कुठे पळून जात नाही.

आता जाहिरातीतला नंबर घेऊन सरकारच्या साइटवर गाडीची एमओटी हिस्ट्री, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीच्या नोंदी उघडा, फुकट आहे, २००५ पासूनच्या तपासण्या दिसतात. मैल दरवर्षी किती वाढले, मध्ये किती वर्षं गाडी गायब होती, आणि गंजाचा शेरा किती वेळा आलाय ते वाचा. एक गोष्ट लक्षात घ्या, ४० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही, म्हणजे आजच्या सगळ्या टी टू सुटल्या. म्हणून जाहिरातीत "एमओटीची गरज नाही" असं अभिमानाने लिहिलेलं असतं. गरज नाही हे खरं, पण शहाणा मालक तरीही दरवर्षी करून घेतो. शेवटची तपासणी सहा वर्षांपूर्वीची आणि तीही नापास असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

जाहिरातीची भाषा पण शिकून घ्या. "थोडं काम बाकी" म्हणजे सगळं काम बाकी. "वर्षानुवर्षं कोरड्या गॅरेजमध्ये" म्हणजे ब्रेकची रबरं वाळून कडक झाली. आणि गाडी पांढरी असेल तर सावध, इथे लग्नात भाड्याने द्यायला असंख्य शॅडो पांढऱ्या रंगवल्या गेल्या, बेंटलीही सुटल्या नाहीत. लग्नाची गाडी म्हणजे शनिवारी चार मैल, मग आठवडाभर उभी, इंजिन कधी नीट तापत नाही आणि ओलावा आतच राहतो.

फोनवर

तीनच गोष्टी विचारा. गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे, हायड्रॉलिकचं, म्हणजे ब्रेकच्या दाबयंत्रणेचं काम शेवटचं कधी आणि कोणी केलं, आणि बिलं आहेत का. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा क्षणभर गप्प झाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. शेवटी एवढं सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मला थंड बघायचंय.

बघायला गेल्यावर, आधी कागद

माणसाच्या घरीच भेटायचं, पेट्रोल पंपावर किंवा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नाही, आणि लॉगबुकवरचा पत्ता तोच आहे ना बघायचं. लॉगबुक म्हणजे व्ही फाइव्ह सी हा मालकीचा पुरावा नाही, तो फक्त गाडी कोणाच्या ताब्यात आहे एवढं सांगतो, त्यामुळे विकणाऱ्याने ती विकत घेतल्याची पावती मागा, आणि गाडीवर कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का ही तपासणी थोडे पौंड देऊन ऑनलाइन करून घ्या.

चासी नंबर लॉगबुकशी जुळवा. उजव्या स्टिअरिंगच्या बेंटली सलूनचा नंबर एस बी एच ने सुरू होतो, रोल्सचा एस आर एच ने, आणि टी टू चे आकडे ३०,००० च्या पुढचे. हे का सांगतोय, तर शॅडोला बेंटलीची जाळी लावून "दुर्मिळ" केलेल्या गाड्या मिळतात, आणि मधलं एक अक्षर सगळं फोडून टाकतं. शिवाय प्रत्येक गाडीचे कारखान्यातले कागद जपून ठेवलेत, १९५७ ला स्थापन झालेला रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब आहे त्यांच्याकडे चौकशी करता येते, मूळ रंग कोणता, लेदर कोणतं, पहिली कोणाला गेली हे कळतं. मी बघितलेली एक पांढरी गाडी मुळात अक्रोडाच्या सालीसारखी तपकिरी होती, डिकीच्या अस्तराखाली तो रंग तसाच शाबूत होता, आणि मालकाला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बिलांची फाइल मांडीवर घेऊन अर्धा तास बसा, चहा मिळाला तर घ्या. जाडी बघू नका, सलगता बघा. १९९५ पर्यंत भरगच्च आणि मग २०१९ ला एकदम एक बॅटरी, याचा अर्थ मधल्या काळात गाडी बेवारस होती.

गंज

ही बिनचासीची, म्हणजे पत्र्याच्याच सांगाड्यावर उभी असलेली गाडी आहे, रोल्सने असं पहिल्यांदा याच मालिकेत केलं. त्यामुळे पत्रा गेला म्हणजे नुसता देखावा गेला असं नाही, हाडं गेली. दारांखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा, डिकीचा तळ, जॅक लावायच्या जागा, आणि मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला लागतं तो भाग. गुडघ्यावर बसून टॉर्च मारायचा, लाज वाटून घ्यायची नाही. फ्रिजवर लावतो तो छोटा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या, सिलवर आणि कमानीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, तिथे तो चिकटणारच नाही, घाबरू नका, मी पहिल्यांदा घाबरलो होतो. छतावर एव्हरफ्लेक्स नावाचं विनाइलचं काळं आवरण असेल तर काचेच्या कडेने बोट फिरवून फुगे शोधा, फुग्याखाली गंज.

आता खरी परीक्षा, ब्रेक

इथे घाई केली तर मग रडायचं. या गाडीचा ब्रेक म्हणजे साधा सिलिंडर आणि ऑइल नव्हे. इंजिनवर दोन पंप बसवलेत, ते कॅमशाफ्टवर चालतात आणि ब्रेक फ्लुइडला प्रचंड दाब देतात, तो दाब दोन गोळ्यांत साठतो, त्यांना ॲक्युम्युलेटर म्हणतात, प्रत्येक गोळ्यात एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला फ्लुइड. याच दाबावर चारही डिस्क ब्रेक चालतात आणि याच दाबावर गाडीची मागची बाजू आपोआप वरखाली होऊन समतल राहते. कल्पना सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची, रोल्सने परवाना घेऊन वापरली. भारी यंत्रणा आहे, पण शेकडो रबरी सील आणि ढीगभर पाइप, आणि रबर काही मैल मोजत नाही, ते वर्षं मोजतं.

परीक्षा अशी. इंजिन सुरू करा, डॅशबोर्डवरचे ब्रेक प्रेशरचे दोन दिवे विझेपर्यंत थांबा, मग आणखी दोन-चार मिनिटं चालू द्या. इंजिन बंद करा, चावी परत फिरवून फक्त इग्निशन चालू ठेवा, आणि ब्रेकचं पेडल पूर्ण दाबत सोडत मोजायला लागा. एक, दोन, तीन. दिवा कितव्या दाबाला लागतो ते बघायचं. वीस-पंचवीस आले तर तब्येत छान, दहा-बारा आले तर काम जवळ आलंय असं धरून भाव करा. मी बघितलेल्या पहिल्या गाडीत चौथ्याला दिवा लागला. विकणारे काका म्हणाले, "ते सगळ्यांचं तसंच असतं." मी तेव्हा मान डोलावली होती, हे सांगायला आता लाज वाटते. ॲक्युम्युलेटर पुन्हा भरून मिळतात, ते तेवढं महाग नाही, पण पूर्ण यंत्रणेची सीलं आणि होज बदलायचे म्हटले तर काही हजार पौंड सहज, आणि त्यात मजुरीच जास्त.

मग लेव्हलिंग. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, दोघांना मागे बसवा, बायकोचा भाऊ वजनदार असेल तर उत्तम. गाडीची शेपटी खाली जाते आणि थोड्या वेळात हळूहळू परत वर येते. नाहीच आली तर यंत्रणा बंद आहे किंवा कोणीतरी ती मुद्दाम बंद करून ठेवलीये.

आणि फ्लुइड. या गाडीत फक्त आर आर ३६३ नावाचं फ्लुइड जातं, त्यात पंपाला वंगण म्हणून एरंडेल असतं. हो, तेच एरंडेल. १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिट वगैरे गाड्यांत मात्र हिरवं मिनरल ऑइल जातं, आणि ते हिरवं या गाडीत गेलं की रबरं फुगून सगळी यंत्रणा खलास. टाकीच्या काचेतून रंग बघा, मालकाला विचारा कोणतं घालता, आणि "ब्रेक ऑइलच की" असं उत्तर आलं तर गाडीपेक्षा त्या उत्तराची भीती बाळगा.

इंजिन आणि बाकीचं

बोनेटवर हात ठेवा, थंडच पाहिजे. इंजिन दणकट आहे, दोन लाख मैल चालणारी आहेत, फक्त ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत ओले लायनर, म्हणजे भोवती थेट कूलंट फिरणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या, त्यामुळे कोणी वर्षानुवर्षं अँटीफ्रीझ न बदलता नुसतं पाणी घातलं असेल तर आतून कुरतडलं जातं. ब्लॉकच्या बाजूला छोटी भोकं असतात, लायनरची सीलं गेली की कूलंट तिथून पाझरतं, टॉर्चने शोधा, पांढरट हिरवा ओघळ दिसला तर इंजिन उतरवायचं काम. सुरुवातीची थोडी टिकटिक चालते, गरम झाल्यावरही टॅपेट वाजत राहिले तर नाही.

डॅशबोर्डवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की पेट्रोलचा काटा क्षणभर इंजिन ऑइलची पातळी दाखवतो, मला या गाडीतलं सगळ्यात जास्त आवडणारं हेच. चालतं का बघा. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आहे आणि तो विजेवर गिअर बदलतो, प्रत्येक जागा टाकून बघा. खिडक्या, सीटच्या मोटारी, आणि एसीचा प्रत्येक टप्पा, वरचा आणि खालचा वेगळा. एसीत मूळचा आर १२ गॅस, तो आता मिळत नाही, "फक्त गॅस भरायचाय" असं कोणी म्हटलं तर मनातल्या मनात हसा. लेदरच्या भेगा, अक्रोडाच्या लाकडावरची तडकलेली लॅकर, हे डोळ्यात भरतं पण तुलनेने स्वस्तात होतं. नवखा नेमका इथेच फसतो, मऊ सीटवर बसला की सिल विसरतो.

चालवताना रेडिओ बंद. गाडी सरळ जाते का, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते का, गिअर न जाणवता बदलतात का. तरंगल्यासारखी वाटेल, ते ठीक आहे, वळणावर झुकेल, तेही ठीक, पण मागून ठक ठक आली तर नाही.

पैसे

पसंत पडली तरी त्या दिवशी हो म्हणू नका. शॅडोवर काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून घ्या. खाजगी माणसाकडून घेतली तर नंतर तक्रारीला फारशी जागा नाही, डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते, म्हणून डीलरचे वरचे पैसे अगदीच फुकट नाहीत. लिलावात नवख्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत, चालवून बघता येत नाही आणि हातोडी पडल्यावर वर कमिशन आणि कमिशनवर व्हॅट.

इन्शुरन्स क्लासिक गाड्यांचा घ्यायचा, "ॲग्रीड व्हॅल्यू" वाला, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार ते आधीच कागदावर ठरतं. मैल मर्यादित ठेवले तर तो तुमच्या रोजच्या गाडीपेक्षाही स्वस्त पडू शकतो. रोड टॅक्स ऐतिहासिक वर्गात शून्य, पण शून्य असला तरी नोंदवावा लागतो, आधीच्या मालकाचा टॅक्स तुमच्याकडे येत नाही, लॉगबुकची हिरवी स्लिप घेऊन तिथेच फोनवर टॅक्स करायचा आणि मगच चावी फिरवायची. लंडनवाल्यांना आनंदाची बातमी, ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला युलेझचं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं रोजचं शुल्क नाही.

आणि "रिटायर झाल्यावर पुण्याला नेईन" हे जे डोक्यात आहे ते थोडं बाजूला ठेवा. भारतात २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची गाडी, नंबरात व्ही ए अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. १९७७ ची टी टू २०२७ मध्ये पन्नाशी गाठते. आयातीचे नियम आणि कस्टम ड्युटी हा वेगळाच डोंगर आहे, गाडी घ्यायच्या आधी कस्टमच्या एजंटशी बोला, घेतल्यावर नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात लांब जाऊ नका. फ्लुइड, अँटीफ्रीझ, इंजिन ऑइल, बेल्ट, टायरची तारीख, एवढं करून घ्या आणि मग दर रविवारी वीस मैल, पाऊस असला तरी. उभी ठेवलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खर्च करायला लावते.

आणि एक स्टिकर. माझी गाडी एकदा टायर बदलायला एका गॅरेजमध्ये दिली होती, तिथल्या पोराने चांगुलपणाने टाकी उघडून साधं ब्रेक ऑइल वर भरून दिलं, त्याच्या मते फुकट सेवा. पंधरा दिवसांत पंप चिरकायला लागले आणि सगळं फ्लुइड काढून यंत्रणा धुऊन घेण्यात माझी भारतवारी गेली. तेव्हापासून टाकीच्या झाकणावर लाल अक्षरात इंग्रजीत लिहून ठेवलंय की हात लावू नका, फक्त आर आर ३६३. खाली बायकोने मराठीत लिहिलंय, "यांनाही लावू देऊ नका."